ऐन थंडीतले छोटे आनंद आणि नवा दिनक्रम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडीची नवलाई ओसरलेली असते, वसंत अजून लांब असतो, आणि या मधल्या आठवड्यांत तेच तेच प्रश्न थोड्या वेगळ्या शब्दांत येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. सगळ्या तारखा उत्तर गोलार्धाच्या आहेत. दक्षिणेत राहणाऱ्यांनी प्रश्न २१ आधी वाचावा.

१. ऐन हिवाळ्यातच एवढी मरगळ का येते? थंडी तर आधीपासून असते.

कारण थंडीपेक्षा उजेडाची टंचाई जास्त भोवते. आपल्या दृष्टिपटलात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. बाहेर उजाडलं की मावळलं, हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे त्यांचं मुख्य काम. हे आतलं घड्याळ बहुतेकांचं २४ तासांपेक्षा किंचित मंद चालतं, म्हणून ते रोज सकाळच्या उजेडाने पुढे सरकवावं लागतं. हिवाळ्यात आपण अंधारात उठतो, दिवस छपराखाली घालवतो आणि बाहेर पडतो तेव्हा पुन्हा दिवे लागलेले असतात. मग रात्री झोप उशिरा लागते आणि सकाळी डोळे उघडत नाहीत.

किती उजेड हरवतो, हे तुम्ही कुठे राहता त्यावर ठरतं. विषुववृत्तापासून २० अंशांवर वर्षातला सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो, ४० अंशांवर सव्वानऊ तासांच्या आसपास, आणि ६० अंशांवर सहा तासांचाही नाही. त्यामुळे एकाचा 'आळस' आणि दुसऱ्याचा 'आळस' यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

२. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो ना? मग जानेवारीत सकाळी आणखीच अंधार का वाटतो?

वाटत नाही, असतोच. सूर्य डोक्यावर आल्यापासून पुन्हा डोक्यावर येईपर्यंतचा काळ दर वेळी बरोबर २४ तासांचा नसतो. डिसेंबरअखेर तो सुमारे अर्ध्या मिनिटाने जास्त असतो. घड्याळाच्या हिशेबात मध्यान्ह रोज थोडी पुढे सरकते आणि तिच्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्तही. म्हणून ४० अंश उत्तरेला सर्वांत लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात होऊन जातो आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येतो. २० अंशांच्या आसपास ही तफावत आणखी मोठी: लवकरचा सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्याला.

याचा उपयोग असा: जानेवारीत सकाळ अजून रुसलेली असली तरी संध्याकाळ केव्हाच लांबायला लागलेली असते. नवा दिनक्रम सुरू करायचा तर या दिवसांत संध्याकाळच्या उजेडाला धरून सुरू करा. गारठा मात्र दिवस वाढू लागल्यावरही वाढतो, कारण जमीन आणि पाणी आपली साठवलेली उष्णता हळूहळू गमावतात. कॅलेंडर पाहून थंडी ओसरायची वाट पाहणाऱ्यांची निराशा होते ती यामुळेच.

३. 'छोटे आनंद' म्हणजे नेमकं काय? एक यादीच द्या ना.

यादी देता येईल, पण ती तिसऱ्या दिवशी शिळी होईल. त्यापेक्षा हिवाळ्यातला आनंद तयार कसा होतो ते सांगतो. मग यादी तुमची तुम्हाला सुचेल.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ मिशेल कबानाक यांनी १९७१ साली एक साधी गोष्ट मांडली. तोच स्पर्श, तोच वास, तेच तापमान सुखद वाटेल की नकोसं, हे त्या क्षणी शरीराला कशाची गरज आहे त्यावर ठरतं. अंग तापलेल्या माणसाने थंड पाण्यात हात घातला तर त्याला बरं वाटतं. अंग गारठलेल्याला तेच पाणी छळतं आणि गरम पाणी हवंहवंसं वाटतं. यातली खरी मेख पुढे आहे: शरीराची गरज भागली की ते सुखही विरतं. ऊब सुखाची असते ती थंडीतून आत येतानाच्या काही मिनिटांत. दिवसभर उबेत बसलेल्या माणसाला ऊब जाणवतच नाही.

म्हणजे हिवाळ्यातलं सुख फरकात आहे, आणि फरक आपल्याला मुद्दाम घडवता येतो. गार हातांनी गरम कप धरणं. बाहेरून येऊन कोरडे पायमोजे चढवणं. गारठलेल्या खोलीत जड पांघरुणाखाली फक्त नाक बाहेर ठेवून वाचणं. सावलीतून चालत येऊन भिंतीच्या आडोशाला कोवळं ऊन खात उभं राहणं. गजबजलेल्या दिवसानंतर दहा मिनिटं एकच दिवा लावून बसणं, हाही फरकच. यातल्या कशालाही काही विकत आणावं लागत नाही. 'उबदार हिवाळा' म्हणून मेणबत्त्या, ब्लँकेटं आणि मगांचे संच विकले जातात त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. वस्तू वाईट नसतात, पण पंधरा मिनिटं बाहेर चालून आल्याशिवाय त्या निम्म्याच उपयोगी पडतात.

४. म्हणजे घर उबदार ठेवायचंच नाही? मुद्दाम कुडकुडत बसायचं?

नाही. वृद्ध, तान्ही मुलं, आजारी माणसं असतील तर घर उबदारच हवं. थंड घर आजाराला आमंत्रण देतं. बाकीच्यांनी एवढंच करावं: सगळं घर सारखं तापवत बसण्यापेक्षा एक कोपरा चांगला उबदार करा आणि झोपायची खोली जरा गार राहू द्या. गार खोलीत, पुरेशा पांघरुणाखाली झोपही बरी लागते.

कुडकुडण्यात काहीही शौर्य नाही. हुडहुडी भरली, बोटं बधिर झाली, म्हणजे मर्यादा ओलांडली गेली. ज्यांची बोटं थंडीत पांढरी किंवा निळी पडून दुखतात त्यांनी तर हे प्रयोग करूच नयेत, आधी डॉक्टरांना दाखवावं.

५. सकाळी पांघरुणातून बाहेर पडवतच नाही. काय करू?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, आणि उत्तर इच्छाशक्तीत नाही, आदल्या रात्रीत आहे. पहाटे मेंदू एकच हिशेब करतो: इथे ऊब आहे, तिथे गारठा. हा हिशेब बदलायचा. सकाळी घालायचे लोकरीचे कपडे आणि मोजे उशाशी किंवा पांघरुणातच पायथ्याशी ठेवा, म्हणजे उठल्यावर पहिला स्पर्श गार कापडाचा होणार नाही. पायाखाली फरशी येत असेल तर तिथे एक जाड सतरंजी टाका. दिवा हाताच्या अंतरावर हवा आणि गजर मात्र लांब. बहुतेकांची मांडणी याच्या बरोबर उलट असते.

मग उठल्या उठल्या करायची एक गोष्ट ठरवा, आणि ती आवडीची असू द्या. थंड सकाळी 'आधी व्यायाम, मग चहा-कॉफी' हा क्रम फार थोड्यांना झेपतो. आधी गरम कप, तोही खिडकीशी उभं राहून, म्हणजे प्रश्न ७ मधलं कामही होतं.

६. पहाटे पाचला उठायलाच हवं का?

नाही. ऐन हिवाळ्यात पाचला उठून बहुतेक ठिकाणी अंधारच पाहायला मिळतो. सूर्योदयाच्या आसपास उठणं आणि ती वेळ सुट्टीच्या दिवशीही फार न हलवणं पुरे आहे.

७. उजेड किती हवा, कधी हवा? खिडकीतून आलेला चालतो का?

जागे झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत, जमेल तर बाहेर, अर्धा तास. घराबाहेर आणि घरात डोळ्यांना फारसा फरक वाटत नाही, कारण डोळे जुळवून घेतात. मोजलं तर फरक प्रचंड निघतो. दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड असतो. ढगाळ, मळभ आलेल्या हिवाळी दिवशीही बाहेर तो हजारांत असतो. 'आज ऊनच नाही' म्हणून घरात बसणं म्हणूनच तोट्याचं.

खिडकीतला उजेड चालतो, पण अगदी खिडकीशी बसलात तरच. खोलीत दोन-तीन पावलं आत गेलं की तो झपाट्याने घटतो. कामाचं टेबल खिडकीजवळ सरकवणं हा मी सुचवेन तो घरातला पहिला बदल. त्याला रोज काही करावं लागत नाही, एकदाच टेबल ढकलायचं. ड जीवनसत्त्वाचा हिशेब मात्र वेगळा आहे. ते तयार व्हायला लागणारे अतिनील किरण काचेतून जवळजवळ येतच नाहीत, आणि विषुववृत्तापासून फार दूर राहणाऱ्यांना हिवाळ्यात ते उघड्यावरही पुरेसे मिळत नाहीत. तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणं सरळ.

८. उजेडाचे खास दिवे मिळतात. ते खरंच उपयोगी असतात?

योग्य माणसाला, योग्य वेळी, हो. हिवाळी नैराश्याचं वैद्यकीय वर्णन १९८४ साली नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी केलं, आणि उजेडाच्या उपचाराचा अभ्यास तेव्हापासून होत आला आहे. रूढ पद्धत अशी: १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा दिवा, सकाळी उठल्यावर लवकर, साधारण अर्धा तास. दिव्याकडे टक लावून पाहायचं नसतं. तो थोडा बाजूला ठेवून वाचायचं किंवा नाश्ता करायचा. १०,००० हा आकडा ठरावीक अंतरापुरताच खरा असतो, म्हणून उत्पादकाने सांगितलेलं अंतर पाळा. दिवा टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ढकलला की उपचार संपला, नुसती शोभा उरली.

दृष्टिपटलाचे आजार, उजेडाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं, किंवा बायपोलर विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा दिवा वापरू नका. संध्याकाळी तर कुणीच नको, झोप उडते.

९. नवी सवय २१ दिवसांत लागते हे खरं का?

हा आकडा १९६० साली एका प्लास्टिक सर्जनने लिहिलेल्या पुस्तकातून पसरला. आपल्या रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान २१ दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. तोंडातोंडी 'किमान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली.

फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा लंडनमधला अभ्यास २०१० साली छापून आला. ९६ जणांनी रोजची एकेक नवी गोष्ट १२ आठवडे केली. ती आपोआप होऊ लागायला मध्यक ६६ दिवस लागले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता (१२ आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेले अंदाज आहेत). सोपी गोष्ट लवकर अंगवळणी पडली, व्यायाम उशिरा. मला यातला सर्वांत कामाचा निष्कर्ष वेगळाच वाटतो: एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. हिवाळ्यात सर्दी-पडसं होणार, एखाद्या सकाळी नाही म्हणजे नाहीच उठवणार. तेवढ्याने काही मोडत नाही. ६६ दिवस म्हणजे मध्य हिवाळ्यापासून मोजलं तर थेट वसंतापर्यंत, तेव्हा घाईही नको.

१०. उत्साहाने चार गोष्टी एकदम सुरू केल्या, आठवड्यात सगळ्या बारगळल्या. आता?

तीन सोडा. कोणती ठेवायची ते ठरवायला एक कसोटी: जी गोष्ट अत्यंत वाईट दिवशीही, पडसं झालेलं असताना, पाच मिनिटांत करता येईल ती. बाकीच्या चांगल्या असतील, पण त्या मार्चमधल्या माणसासाठी आहेत.

उरलेल्या एका गोष्टीला वेळेपेक्षा प्रसंगाची खुंटी द्या. 'रोज थोडं चालेन' हा संकल्प हवेत राहतो. 'दुपारचं ताट धुतलं की चपला घालून कोपऱ्यापर्यंत जाऊन येईन' हा जमिनीवर येतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा 'अमुक झालं की तमुक करेन' पद्धतीच्या ठरावांवर बरंच काम केलं आहे. नुसत्या इच्छेपेक्षा असे ठराव जास्त तडीस जातात. हिवाळ्यात घड्याळाची वेळ फसवी असते, कारण सहा वाजता कधी उजेड असतो कधी अंधार. ताट मात्र रोज धुवावंच लागतं.

११. संध्याकाळ संपता संपत नाही. साडेसहालाच मध्यरात्र झाल्यासारखं वाटतं. वेळ कसा घालवू?

'घालवू' म्हटलं की फोन हातात येतो, आणि मग अकरा कसे वाजले कळत नाही. लांब संध्याकाळ ही या ऋतूने दिलेली एकमेव उदार गोष्ट आहे. उन्हाळ्यात कामं, माणसं, उजेड सगळं बाहेर ओढत असतं. तेव्हा न जमलेलं आता जमतं.

माझा कल हातांच्या कामाकडे आहे. विणकाम, उसवलेलं शिवणं, जुनी अवजारं साफ करून तेल देणं, लाकडात काही कोरणं, फोटोंचे ढीग लावणं, पेटीवर नाहीतर बासरीवर एकच तुकडा घोटणं. हात गुंतले की डोकं निवांत होतं, आणि रात्री समोर काहीतरी दिसतं: चार ओळी विणलेल्या, एक खण आवरलेला. यातलं एकच निवडा आणि ते कायम उघड्यावर मांडून ठेवा. कपाटातून काढून, सगळं जुळवून बसायचं म्हटलं की थंडीत आपण उठतच नाही. टेबलावर पसरलेला पसारा घरच्यांना खुपतो हे मान्य. हिवाळ्यापुरती सवलत मागून घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठ्याने वाचणं. घरात दोन माणसं असली तरी पुरे. एक वाचतो, दुसरा भाजी निवडतो, नाहीतर नुसता पडून ऐकतो. एक जाड कादंबरी संपूर्ण हिवाळा पुरते, आणि 'उद्या पुढे काय' ही ओढ दिवसभर टिकते. एरवी हिवाळ्यात उद्याची ओढ लावणाऱ्या गोष्टी कमीच असतात.

तिसरी, दिवेलागणीच्या वेळेला एक ठरलेली कृती द्या. अंधार पडणं ही आपल्यावर आदळणारी घटना वाटते; पडदे ओढणं, एक ठरावीक दिवा लावणं, गरम पेय ठेवणं असं काही आपण करत असलो की ती आपल्या हातातली वाटते. छतावरचा पांढरा झगझगीत दिवा सोडून खालचे, पिवळसर दिवे वापरा. रात्रीच्या तीव्र उजेडाने प्रश्न १ मधल्या आतल्या घड्याळाला अजून दिवसच आहे असं वाटतं आणि झोप उशिरा येते.

१२. हिवाळ्यात आकाश छान दिसतं म्हणतात, पण मला एकही तारा ओळखता येत नाही. सुरुवात कुठून करू?

मृग नक्षत्रापासून. जानेवारीच्या संध्याकाळी ते ठळकपणे वर आलेलं असतं आणि पृथ्वीवर जवळजवळ सगळीकडून दिसतं. एका सरळ रेषेत, जवळजवळ सारख्या अंतरावरचे तीन तारे शोधा. एकदा सापडले की जन्मभर विसरत नाहीत. त्यांच्या एका बाजूला तांबूस काक्षी, दुसऱ्या बाजूला निळसर पांढरा राजन्य. रंगातला हा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो. तीन ताऱ्यांची रेषा एका दिशेला वाढवली की व्याध येतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे साडेआठ वर्षं लागतात. उलट दिशेला वाढवली की नारिंगी रोहिणी आणि आणखी पुढे कृत्तिकांचा पुंजका.

डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि मधे एकदा फोन पाहिला की पुन्हा पहिल्यापासून. शहरातल्या झगमगाटातही वरचे ठळक तारे दिसतात, त्यामुळे गच्ची नाही, माळरान नाही ही सबब चालत नाही. उल्का पाहायच्या तर मिथुन राशीतला वर्षाव १३-१४ डिसेंबरच्या सुमारास असतो. बाहेर जाताना कानटोपी विसरू नका. न हलता उभं राहिल्यावर थंडी चालताना लागते त्याच्या दुप्पट वाटते. आणि परत आल्यावर प्रश्न ३ मधला गरम कप आहेच.

१३. कढत पाण्याची आंघोळ सकाळी करावी की रात्री?

झोपेसाठी रात्री, पण अगदी झोपताना नको. २०१९ सालच्या एका एकत्रित अभ्यासात ४० ते ४२.५ अंश सेल्सिअस पाण्याने झोपण्याच्या एक-दोन तास आधी आंघोळ केली तर झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते असं दिसलं. गरम पाण्याने रक्त हातापायांकडे जातं, तिथून उष्णता बाहेर पडते, आणि शरीराचा गाभा निवतो. तो निवू लागला की झोप येते. आंघोळ नको असेल तर नुसते पाय गरम पाण्यात बुडवा, नाहीतर पायमोजे घालून झोपा.

पाणी कढत नको, कोमट-गरम हवं. फार गरम पाणी आणि लांबलेली आंघोळ त्वचेचं नैसर्गिक तेल काढून टाकते. अंग टिपून झाल्यावर, त्वचा जरा ओलसर असतानाच तेल किंवा क्रीम लावा.

१४. थंडीत तहान लागत नाही, लघवीला मात्र सारखं जावं लागतं. पाणी कमी प्यायचं का?

उलट. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त आत वळतं, शरीराला पाणी जास्त झालंसं वाटतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कोरड्या हवेत श्वासावाटेही पाणी जातं. साधं पाणी नकोसं होत असेल तर गरम पाणी प्या. रात्री वारंवार उठावं लागत असेल तर दिवसा जास्त, संध्याकाळनंतर कमी. तरीही कमी होत नसेल तर तपासून घ्या, थंडीवर ढकलू नका.

१५. थंडीत बाहेर चालायला जाणं सुरक्षित आहे का?

बहुतेकांना आहे. दिवसातली सर्वांत थंड वेळ साधारण सूर्योदयाच्या सुमारास असते, त्यामुळे काकडत पहाटे निघण्यापेक्षा ऊन वर आल्यावर एक-दोन तासांनी निघा. उजेडाचा फायदा तेव्हाही मिळतो. एका जाड कोटापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे: थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि अंग तापलं की एखादा काढता येतो. घामाने भिजलेलं सुती कापड अंगाला चिकटून गारठवतं, म्हणून अगदी आतला थर चटकन वाळणारा असावा. नाकातोंडावरून मफलर घेतला की आत जाणारी हवा जरा कोमट आणि दमट होते. दम्याच्या लोकांना याने बराच फरक पडतो.

थंडीत रक्तदाब वाढतो आणि हृदयावर ताण येतो. हृदयरोग किंवा उच्च रक्तदाब असेल तर गारठ्यात एकदम जोराचं काम, बर्फ उपसणं, धावत सुटणं टाळा. 'ऊब यावी' म्हणून मद्य घेऊन बाहेर जाणं हा तर उफराटा उपाय: त्वचेत रक्त उसळतं, गरम वाटतं, आणि शरीर प्रत्यक्षात जास्त वेगाने उष्णता गमावतं.

१६. सकाळी धुकं आणि धूर असतो. तरी जायचं?

निव्वळ धुकं असेल तर जा, फार सुंदर वेळ असते. धूर असेल तर थांबा. वारा नसलेल्या निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते आणि धूर झाकण ठेवल्यासारखा खाली कोंडतो. ऊन तापल्यावर हे झाकण निघतं, म्हणून अशा ठिकाणी दुपारची फेरी चांगली. रोजचा हवेचा निर्देशांक पाहण्याची सवय लावून घ्या.

१७. मी एकटा राहतो. हे सगळं दोघाचौघांत ठीक आहे, एकट्याने आनंद तो कसला?

प्रश्न ११ आणि १२ मधलं बहुतेक सगळं एकट्याने होतं. पण खरी अडचण वेगळी असते: हिवाळ्यात माणसं योगायोगाने भेटत नाहीत. बाकावर, अंगणात, रस्त्यात थांबून होणाऱ्या गप्पा बंद पडतात. ते भरून काढायला भेट ठरवावी लागते. आठवड्यातला एक वार आणि एक माणूस पक्का करा. दर वेळी 'कधी भेटू या' असं विचारत बसू नका. फोनवर असेल तर दोघांनी आपापल्या ठिकाणी चालता चालता बोलावं. पत्र लिहिण्याला अजूनही तोड नाही. लिहितानाची संध्याकाळ आणि उत्तर येईपर्यंतची वाट, दोन्ही कामी येतात.

१८. घरात तान्हं मूल आहे, शिवाय आजारी सासूबाई. मला स्वतःसाठी दहा मिनिटंही नाहीत.

मग नवीन काही जोडू नका. जे करावंच लागतं त्याची जागा किंवा वेळ बदला. बाळाला पाजायची खुर्ची खिडकीशी नेली, सासूबाईंची औषधं द्यायची वेळ उन्हात बसण्याच्या वेळेशी जुळवली, की तिघांनाही उजेड मिळतो आणि वेगळा वेळ काढावा लागत नाही. वाळलेले कपडे उन्हातून काढून आणल्या आणल्या तोंडाला लावणं, एवढा आनंदही चालतो. आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी रोजची वीस मिनिटं सांभाळायला सांगा. विनंती म्हणून नको, वाटणी म्हणून सांगा.

१९. रात्रपाळी असते. सकाळचा उजेड घ्या म्हणता, तर मग झोपू कधी?

तुमच्यासाठी प्रश्न ७ उलटा वाचायचा. कायमची रात्रपाळी असेल तर घरी येताना गडद चष्मा घाला (स्वतः गाडी चालवत असाल आणि डोळे जड असतील तर नको), खोली पूर्ण काळोखी करा, आणि उठल्यानंतर जो काही दिवस उरला असेल त्यात लगेच बाहेर पडा. ऐन हिवाळ्यात कदाचित तासभरच उजेड मिळेल, म्हणून तो आंघोळ आणि जेवणाच्या आधी घ्या. पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर घड्याळ पूर्ण जुळवण्याचा आटापिटा करू नका. जेवणाआधीची एखादी छोटी कृती मात्र सगळ्या पाळ्यांत सारखी ठेवा.

२०. हे सगळं करूनही मन लागत नाही. हा हिवाळाच आहे की आणखी काही?

मरगळ असली तरी आवडत्या गोष्टीने थोडं बरं वाटतं. दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस उरला नसेल, झोप किंवा भूक खूप वाढली वा घटली असेल, कामं अडत असतील, तर ते डॉक्टरांना सांगायचं प्रकरण आहे. दर हिवाळ्यात हेच होऊन वसंतात आपोआप बरं वाटत असेल तर तेही सांगा. हिवाळी नैराश्यावर उजेड, समुपदेशन आणि औषधं असे उपचार आहेत. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका, आजच जवळच्या माणसाला आणि आपत्कालीन सेवेला कळवा. तिथे चालण्याचे आणि विणकामाचे सल्ले पुरे पडत नाहीत.

२१. आमच्याकडे हिवाळा जूनमध्ये येतो. वरचं सगळं सहा महिने पुढे ढकलायचं का?

बहुतांश हो, थोड्या फरकांनी. सर्वांत लहान दिवस २०-२१ जूनला. सूर्यास्त आणि सूर्योदयाच्या तारखांमधली तफावत (प्रश्न २) तिकडेही असते, पण कमी, कारण जूनमध्ये मध्यान्ह रोज पुढे सरकते ती अर्ध्या मिनिटापेक्षा बरीच कमी. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैत सर्वांत दूर, १५.२ कोटींवर. दूर असताना ती सावकाश फिरते, त्यामुळे खगोलीय हिशेबाने दक्षिणेचा हिवाळा उत्तरेच्या हिवाळ्यापेक्षा साडेचार दिवसांहून थोडा जास्तच मोठा पडतो.

आकाशही वेगळं. तुमच्या हिवाळी संध्याकाळी मृग दिसणार नाही. वृश्चिक शोधा, त्याच्या मधला तांबडा ज्येष्ठा सहज सापडतो, आणि आकाशगंगेचा सर्वांत दाट भाग त्याच्या शेजारीच आहे. तारांगणाच्या बाबतीत तुमचाच हिवाळा जास्त श्रीमंत.

एक अडचण मात्र फक्त तुमची. नव्या वर्षाचा संकल्प तुमच्याकडे भर उन्हाळ्यात पडतो, आणि हिवाळ्याच्या मध्यावर कॅलेंडरमध्ये 'नवी सुरुवात' असं काहीच नसतं. व्यायामशाळेत येणाऱ्यांच्या नोंदींवर २०१४ साली आलेल्या एका अभ्यासात नव्या वर्षाप्रमाणेच आठवड्याच्या आणि महिन्याच्या सुरुवातीलाही लोकांचा उत्साह वाढलेला दिसला. तेव्हा १ जुलै घ्या, नाहीतर येणारा सोमवार.